रिपॉझिटरीतली नोंद बाहेरून पाहायला शिका : मेटाडेटा मानकांची नवोदितांसाठी ओळख

मुक्त प्रवेश रिपॉझिटरीचे (संस्थेतले प्रबंध, लेख सर्वांना मोफत वाचायला देणाऱ्या ऑनलाइन भांडाराचे) काम नव्याने हाती येते तेव्हा माणसाकडे बहुधा दोन गोष्टी सोपवल्या जातात : सॉफ्टवेअरचे लॉगिन आणि एक लांबलचक फॉर्म. फॉर्म भरला, पीडीएफ चढवली आणि आपल्या संकेतस्थळावर नोंद नीटनेटकी दिसली की काम उरकले, असे कोणालाही वाटेल. परंतु प्रबंध किंवा लेख शोधणारा वाचक क्वचितच आपल्या मुखपृष्ठावरून आत येतो. तो गूगल स्कॉलर, बेस, कोर, ओपनएअर अशा सेवांमध्ये शोध घेतो आणि या सेवा आपल्या पानाची सजावट पाहत नाहीत; त्या पानामागची, यंत्राला वाचता येणारी नोंद, म्हणजेच मेटाडेटा, घेतात. ती नोंद कशी दिसते हे सांभाळणाऱ्याने स्वतः कधी उघडून पाहिलेलेच नसते, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच सापडते.

दोन वेगळ्या यंत्रणांनी, मध्ये माणूस न बसवता, एकमेकींची माहिती अचूक समजून घेणे याला आंतरकार्यक्षमता म्हणतात. डीस्पेस किंवा ईप्रिंट्ससारखे सॉफ्टवेअर बसवले की ती आपोआप येते, हा समज अर्धाच खरा आहे. सॉफ्टवेअर दार उघडून देते. त्या दारातून काय बाहेर जाईल, ते रकान्यांत आपण काय लिहिले आहे यावर ठरते. पुढच्या पायऱ्या मी स्वतः ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १ : कोणते मानक कशासाठी, हे वेगळे करा

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ असा होतो की डब्लिन कोअर, ओएआय-पीएमएच, डीओआय ही सगळी नावे त्याला एकाच जातीची वाटतात. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. नोंदीत कोणते रकाने असावेत, हे डब्लिन कोअर, मॉड्स किंवा डेटासाइटची रचना सांगते. त्या रकान्यांत मूल्य कसे लिहावे, हे तारखांचे, भाषासंकेतांचे मानक आणि नियंत्रित शब्दसूची (आधीच ठरवून दिलेल्या शब्दांच्या याद्या) सांगतात. नोंद एका सर्व्हरवरून दुसरीकडे कशी न्यावी, हे ओएआय-पीएमएच ठरवते. लेखाला, माणसाला किंवा संस्थेला कायमची ओळख देण्याचे काम डीओआय, ऑर्किड आणि आरओआर करतात. एखादी नोंद बाहेर चुकीची दिसली, तर यांपैकी कोणत्या थरात बिघाड आहे हे आधी ओळखता आले पाहिजे. नाहीतर तारखेच्या चुकीसाठी सर्व्हर तपासत बसण्याची वेळ येते.

डब्लिन कोअरची सुरुवात १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या कार्यशाळेतून झाली. आयर्लंडच्या राजधानीशी त्याचा काही संबंध नाही, हे आवर्जून सांगावे लागते. त्यात टायटल, क्रिएटर, सब्जेक्ट, डिस्क्रिप्शन, पब्लिशर, काँट्रिब्युटर, डेट, टाइप, फॉरमॅट, आयडेंटिफायर, सोर्स, लँग्वेज, रिलेशन, कव्हरेज आणि राइट्स असे १५ घटक आहेत. त्यांतला एकही सक्तीचा नाही, प्रत्येक घटक कितीही वेळा वापरता येतो आणि त्यांच्या क्रमाला अर्थ नाही. या सैलपणामुळेच ते सर्वत्र पसरले, आणि या सैलपणामुळेच केवळ ‘आम्ही डब्लिन कोअर वापरतो’ या वाक्यातून फारसे काही कळत नाही.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ साली आणलेले मॉड्स हे मार्क या ग्रंथालय-तालिकांच्या स्वरूपाच्या वळणाचे आणि अधिक तपशीलवार आहे. डेटासाइटच्या रचनेत मात्र ओळखक्रमांक, निर्माता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि साहित्यप्रकार हे सहा घटक सक्तीचे आहेत, कारण त्यांच्याशिवाय डेटासाइटकडे डीओआय नोंदवताच येत नाही. यांपैकी ‘सर्वांत चांगले’ कोणते, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. आत जितके तपशीलवार ठेवता येईल तितके ठेवावे आणि बाहेर ज्याला जे स्वरूप हवे ते द्यावे. बारीक माहितीतून ढोबळ माहिती केव्हाही काढता येते, उलटे करता येत नाही.

पायरी २ : कागदावर आपले नियम लिहा

संगणकाला हात लावण्यापूर्वी आपल्याकडे कोणकोणत्या प्रकारचे साहित्य येते (प्रबंध, शोधलेख, अहवाल, संशोधनविदा) ते लिहून काढावे आणि प्रत्येक प्रकारासाठी कोणता रकाना सक्तीचा, त्यात काय लिहायचे, काय लिहायचे नाही, हे एका तक्त्यात मांडावे. प्रत्येक ओळीत एक खरे उदाहरण असावे. दोन पानांचा असा तक्ता, नोंदी करणारा माणूस बदलला तरी रिपॉझिटरी एकसारखी ठेवतो. तो नसेल तर दर दोन वर्षांनी नव्या पद्धतीच्या नोंदींचा एक थर जुन्या थरावर चढत जातो.

पायरी ३ : रकान्यातली मूल्ये शिस्तीत आणा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची आहे. नावांपासून सुरुवात करू. एका लेखाचे तीन लेखक असतील, तर क्रिएटर हा घटक तीन वेळा यायला हवा. तिन्ही नावे अर्धविरामांनी जोडून एकाच रकान्यात टाकली की आपल्या पानावर काही बिघडत नाही, पण बाहेरच्या सेवेला तो लांबलचक नावाचा एकच माणूस वाटतो. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, ही रूढ पद्धत पाळावी आणि ती सर्व नोंदींत सारखी ठेवावी. नावांतले साधर्म्य एवढ्यानेही सुटत नाही, म्हणून ऑर्किड घ्यावा. ऑर्किड १६ वर्णांचा असतो आणि त्यातला शेवटचा वर्ण आधीच्या १५ अंकांवरून गणिताने काढलेला तपासणीचा वर्ण असतो. तो कधीकधी अंकाऐवजी ‘एक्स’ येतो, त्यामुळे फॉर्ममधला तो रकाना ‘फक्त अंक’ असा ठेवला, तर काही लेखकांचा बरोबर क्रमांकही नाकारला जातो.

तारखेचे मानक आयएसओ ८६०१ आहे : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये लहान आडव्या रेघा. ‘०७/०४/२०२३’ म्हणजे ७ एप्रिल की ४ जुलै, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर ठरते. ‘२०२३-०४-०७’ मध्ये तो प्रश्नच येत नाही. इथे हे आकडे मराठीत छापले असले, तरी रकान्यात आंतरराष्ट्रीय अंकच लिहावेत, कारण देवनागरी अंकांतली तारीख बहुतेक यंत्रणांना तारीख वाटतच नाही. केवळ वर्ष माहीत असेल तर केवळ वर्षच लिहावे. फॉर्म अडतो म्हणून १ जानेवारी टाकून देण्याची सवय फार पसरलेली आहे. तिच्यामुळे खोटी माहिती खरी म्हणून नोंदली जाते आणि पुढे ती वेगळी काढण्याचा मार्ग उरत नाही.

भाषेसाठी ‘मराठी’ किंवा ‘इंग्रजी’ असे शब्द न लिहिता आयएसओ ६३९ मधले संकेत वापरावेत. मराठीसाठी दोन अक्षरी संकेत ‘एमआर’ आणि तीन अक्षरी ‘एमएआर’ आहे. दोन्हींपैकी कोणता वापरायचा ते आपल्या तक्त्यात एकदा ठरवावे आणि त्यानंतर दुसरा आत येऊ देऊ नये. शीर्षक दोन भाषांत असेल तर ती दोन शीर्षके एका तिरप्या रेघेने जोडू नयेत. घटक दोनदा वापरून प्रत्येकाला भाषेची खूण द्यावी.

देवनागरीत नोंदी करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये तीन प्रकारे टंकित होऊ शकतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरून, साधा ‘र’ आणि स्वतंत्र नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही रूपे एकसारखी दिसतात, पण साध्या शोधात एक टाकले तर दुसरे सापडेलच असे नाही. एनएफसी नावाचे युनिकोडचे सामान्यीकरण केले की पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे होत नाही, ते शोध-बदल करूनच आणावे लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित केलेल्या सारांशांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते जसेच्या तसे चिकटवले तर बाहेर निव्वळ रोमन अक्षरांचा चुरा जातो, म्हणून आधी रूपांतर आणि मगच नोंद.

साहित्यप्रकारासाठी मनाचे शब्द वापरू नयेत. ‘थिसिस’, ‘पीएचडी प्रबंध’, ‘डॉक्टरल’ असे तीन शब्द एकाच भांडारात आढळले की त्या तिन्हींचे एकत्रित उत्तर कोणतीच सेवा देऊ शकत नाही. मुक्त प्रवेश रिपॉझिटरींचा महासंघ असलेल्या सीओएआरने साहित्यप्रकार, प्रवेशाधिकार आणि आवृत्ती यांच्या नियंत्रित शब्दसूची तयार केल्या आहेत. त्यांतल्या प्रत्येक संकल्पनेला स्वतःचा वेबपत्ता आहे आणि अनेक भाषांतली नावे त्या एकाच पत्त्याशी बांधलेली आहेत. आपल्या पानावर कोणत्याही भाषेतले नाव दाखवा. नोंदीत तो पत्ता असला की पलीकडच्या यंत्राला भाषेची अडचण राहत नाही.

हक्कांच्या रकान्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. फाइल उघडता येते की नाही, ही एक गोष्ट. उघडल्यावर तिचे काय करता येते, ही दुसरी. पहिलीसाठी सीओएआरच्या सूचीत खुला, निर्बंधकाळातला, मर्यादित आणि केवळ मेटाडेटापुरता असे चार प्रकार आहेत. दुसरीसाठी परवाना लागतो, आणि तो ‘सीसी बाय’ असा नुसता लिहून न थांबता क्रिएटिव्ह कॉमन्सच्या त्या परवान्याचा आवृत्तीसह पूर्ण वेबपत्ता द्यावा. ‘सर्व हक्क राखीव’ आणि ‘मुक्त प्रवेश’ ही दोन्ही वाक्ये एकाच नोंदीत सुखाने नांदताना मी इतक्यांदा पाहिली आहेत की आता तपासणी मी त्याच रकान्यापासून सुरू करतो.

पायरी ४ : रूपांतराचा तक्ता तपासा

आतली तपशीलवार नोंद बाहेर जाताना साध्या डब्लिन कोअरमध्ये उतरते, आणि उतरताना तिची धार जाते. डीस्पेसचे उदाहरण घेऊ. तिथे नोंद यंत्रणेत आल्याची तारीख, ती उपलब्ध झाल्याची तारीख आणि मूळ प्रकाशनाची तारीख अशा तीन तारखा वेगवेगळ्या पात्रकांसह (घटकाच्या नावाला जोडलेल्या, त्याचा अर्थ नेमका करणाऱ्या शब्दांसह) ठेवलेल्या असतात. साध्या डब्लिन कोअरमध्ये पात्रकांना जागा नाही, त्यामुळे तिन्ही तारखा ‘डेट’ याच नावाने एकाखाली एक बाहेर पडू शकतात. १९८७ सालचा प्रबंध गेल्या वर्षी स्कॅन करून चढवला असेल, तर घेणारी सेवा तिन्हींतली पहिली तारीख उचलू शकते आणि तो प्रबंध गेल्या वर्षीचा ठरतो. तक्रार आली की चूक त्या सेवेची वाटते, पण तिला दिलेली नोंदच तशी असते.

मार्गदर्शक आणि संपादक यांच्या बाबतीतही असेच घडते. आत ते वेगळे असतात, बाहेर दोघेही ‘काँट्रिब्युटर’ होतात. ऑर्किडसाठी तर साध्या डब्लिन कोअरमध्ये स्वतंत्र जागाच नाही. म्हणून आपल्या यंत्रणेतला आतील रकान्यापासून बाहेरच्या घटकापर्यंतचा तक्ता कोणाकडून तरी मागून घ्यावा आणि प्रत्येक रकाना कुठे जातो ते बोट ठेवून पाहावे. जे हरवते ते वाचवण्याचे दोन मार्ग आहेत. एकतर साध्या स्वरूपात प्रकाशनाची तारीख तेवढीच जाऊ द्यावी आणि यंत्रणेच्या कामाच्या तारखा आतच ठेवाव्यात. नाहीतर साध्या स्वरूपाच्या जोडीला मॉड्स, डेटासाइट किंवा ओपनएअरच्या मार्गदर्शक तत्त्वांतले स्वरूपही उपलब्ध करावे. शक्य असेल तर दोन्ही करावेत.

पायरी ५ : ओएआय-पीएमएच हाताने चालवून पाहा

१९९९ साली सांता फे इथे झालेल्या बैठकीतून ओएआय-पीएमएच या शिष्टाचाराची (प्रोटोकॉलची) वाट सुरू झाली, आणि २००२ साली आलेली २.० ही आवृत्ती आजही तशीच वापरात आहे. तिच्यात विनंत्या फक्त सहा आहेत : आयडेंटिफाय, लिस्ट-मेटाडेटा-फॉरमॅट्स, लिस्ट-सेट्स, लिस्ट-आयडेंटिफायर्स, लिस्ट-रेकॉर्ड्स आणि गेट-रेकॉर्ड. त्या चालवायला कोणतेही खास साधन लागत नाही. आपल्या रिपॉझिटरीचा ओएआय पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा, पुढे प्रश्नचिन्ह, मग ‘व्हर्ब’, बरोबरीचे चिन्ह आणि विनंतीचे नाव लिहावे, की उत्तर समोर येते.

आधी आयडेंटिफाय पाहावे. त्यात रिपॉझिटरीचे नाव, सर्वांत जुनी तारीख, काढून टाकलेल्या नोंदींचे धोरण आणि व्यवस्थापकाचा ईमेल दिसतो. हा ईमेल बऱ्याचदा केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघतो, आणि हार्वेस्टरने (नोंदी गोळा करणाऱ्या बाहेरच्या सेवेच्या यंत्रणेने) पाठवलेल्या चुकांच्या सूचना तिकडेच साचत राहतात. तो सर्वप्रथम बदलावा. त्यानंतर स्वतः केलेल्या, नीट आठवणाऱ्या एका नोंदीसाठी गेट-रेकॉर्ड चालवावे आणि पायरी ३ मधला प्रत्येक मुद्दा त्या उत्तरात शोधावा.

मग लिस्ट-रेकॉर्ड्स. मोठ्या भांडाराचे उत्तर एका दमात येत नाही. काही नोंदी येतात आणि शेवटी ‘रिझम्प्शन टोकन’ मिळते, ते देऊन पुढचे पान मागायचे असते. शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहण्याचा मी इतका आग्रह धरतो, त्याला कारण आहे. मी सांभाळत असलेल्या एका भांडारातले बरेच प्रबंध बाहेरच्या शोधसेवेत दिसत नसल्याचे काही महिन्यांनी लक्षात आले. पहिले पान उघडले, ते ठीक होते. म्हणून दोष पलीकडचा आहे, असे मी खुशाल कळवून टाकले. पुढे एकेक पान उलटत गेलो तेव्हा मधल्या एका पानावर ब्राउझरने एक्सएमएल (हे उत्तर ज्या खुणांच्या भाषेत येते ती) मोडल्याची चूक दाखवली. एका सारांशात पीडीएफमधून मजकूर उचलताना पानबदलाचे अदृश्य नियंत्रणचिन्ह आले होते. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह चालतच नाही. त्यामुळे ते पूर्ण पान अवैध ठरत होते, पुढचे टोकन हार्वेस्टरच्या हाती लागत नव्हते आणि त्यामागच्या सर्व नोंदी बाहेरच्या जगासाठी नाहीशा झाल्या होत्या. एक चिन्ह पुसले आणि काम झाले. तेव्हापासून पीडीएफमधला मजकूर आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवून, साफ करून मगच रकान्यात टाकायचा, हा नियम आमच्या तक्त्यात पहिल्या ओळीवर आहे.

याच टप्प्यावर तारखांचा आणखी एक गुंता समजून घ्यावा. ओएआय-पीएमएचच्या प्रत्येक नोंदीवर एक कालमुद्रा असते. ती लेखाच्या प्रकाशनाची तारीख नसून नोंदीत शेवटचा बदल केव्हा झाला, हे ती सांगते. हार्वेस्टर दर वेळी संपूर्ण भांडार ओढत नाही. मागच्या भेटीनंतर बदललेले तेवढेच मागतो. कोणी थेट डेटाबेसमध्ये शिरून शेकडो नोंदी एकदम सुधारल्या आणि कालमुद्रा जुनीच राहिली, तर त्या सुधारणा बाहेर कधीच पोहोचत नाहीत. रूपांतराचा तक्ता बदलल्यावरही हाच धोका असतो. डीस्पेसमध्ये याच्या जोडीला ओएआयची अनुक्रमणिका वेगळ्या आज्ञेने ताजी करावी लागते. ती आज्ञा ठरलेल्या वेळी आपोआप चालते आहे ना, हे तंत्रज्ञाला स्पष्ट शब्दांत विचारावे. ‘चालत असेल’ हे उत्तर मान्य करू नये.

पायरी ६ : गूगल स्कॉलरची वाट वेगळी आहे

गूगल स्कॉलर पानांवर स्वतः फिरून, पानाच्या शीर्षभागातल्या मेटा टॅगमधून माहिती घेते. त्याला हायवायर प्रेस पद्धतीचे टॅग आवडतात. नियतकालिकाचे नाव, खंड, अंक यांसाठी डब्लिन कोअरमध्ये निःसंदिग्ध जागा नसल्याने डब्लिन कोअरचे टॅग त्याच्या दृष्टीने शेवटचा पर्याय आहेत. आपल्या एखाद्या नोंदीच्या पानाचा स्रोत उघडून शीर्षक, लेखक, प्रकाशनाची तारीख आणि पीडीएफचा थेट पत्ता हे चार टॅग आहेत का, एवढे पाहिले तरी पुरते.

पायरी ७ : काढलेल्या आणि हलवलेल्या नोंदी

एखादी नोंद मागे घ्यावी लागली तर ती शांतपणे पुसू नये. आयडेंटिफायमध्ये काढलेल्या नोंदींचे धोरण ‘नो’ असेल, तर नोंद गेल्याचे हार्वेस्टरला सांगितलेच जात नाही आणि तिची प्रत बाहेरच्या सेवांमध्ये मेलेल्या दुव्यासह पडून राहते. धोरण ‘पर्सिस्टंट’ असल्यास नोंद काढल्याची खूण कायम राहते. डीओआय किंवा हँडल (डीओआयसारखाच कायमचा ओळखक्रमांक) दिलेल्या साहित्याच्या जागी, ते केव्हा आणि कोणत्या कारणाने काढले, हे सांगणारे छोटे पान ठेवावे.

सॉफ्टवेअर बदलताना खरी परीक्षा असते. ओएआय ओळखक्रमांकात डोमेनचे नाव आणि आतला क्रमांक असे दोन्ही गुंफलेले असतात, त्यामुळे दोहोंपैकी एक बदलले तरी हार्वेस्टरच्या दृष्टीने ती सर्वस्वी नवी नोंद होते आणि जुनीही शिल्लक राहते. वाचकाला एकच प्रबंध दोनदा दिसतो व त्यातला एक दुवा उघडत नाही. म्हणून स्थलांतराच्या आधी लिस्ट-आयडेंटिफायर्सचे संपूर्ण उत्तर, सर्व पानांसह, जतन करून ठेवावे. नवी यंत्रणा उभी राहिल्यावर तीच विनंती पुन्हा चालवून दोन्ही याद्या शेजारी ठेवून जुळवाव्यात. क्रमांक जसेच्या तसे राखणे शक्य नसेल, तर जुन्या पत्त्यावर काही काळ सर्व नोंदी ‘काढलेल्या’ म्हणून दाखवाव्यात, डीओआय आणि हँडल नव्या पानांकडे वळवावेत आणि आपल्या नोंदी घेणाऱ्या प्रत्येक सेवेला नवा ओएआय पत्ता लेखी कळवावा.